वाकळ शिवण्यास सवड कोठली?

नांदेड-लातूरकडे जिला वाकळ किंवा गोधडी म्हणतात, ती शिवण्याचा काळ परंपरेने उन्हाळ्याचा. शेतीची कामे उरकलेली असतात आणि जुनी लुगडी कडक उन्हात वाळविता येतात. व्यापारी कुटुंबांस हे वेळापत्रक मानवत नाही. कापड दुकानदाराची ऐन लग्नसराई तेव्हाच असते. आडतीवर दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची आवक वाढते. उसंत मिळते ती आषाढ-श्रावणात. म्हणून लुगडी वैशाखातच धुऊन, वाळवून ठेवावीत व शिवण पावसाळ्यात धरावी. रोज अर्धा तास पुरे. आवर्ती ठेवीप्रमाणे थोडे थोडे, परंतु खंड न पडता.

या कलेवर पुस्तके आहेत, हे आपल्याकडे फारसे ठाऊक नाही. गीता खंडेलवाल यांचे महाराष्ट्रातील गोधड्यांवरील सचित्र पुस्तक 2013 साली निघाले, तेही एका फ्रेंच प्रकाशनसंस्थेकडून! पॅट्रिक फिन यांच्या ग्रंथात भारतभरच्या गोधड्या भेटतात. दोन्ही इंग्रजीत आहेत; रंगसंगतीसाठी नुसती चाळली तरी उपयोग होतो.

थरांना चुण्या पडू नयेत म्हणून ते आधी मोठ्या टाक्यांनी कसे बांधावेत, काठ कसा दुमडावा, हे मात्र जाणत्या बाईशेजारी बसूनच उमगते. घरात सत्तरी ओलांडलेल्या, सरळ धावदोरा घालणाऱ्या आजी असतील, तर यंदाची वाकळ त्यांच्याच हातून सुरू करून घ्यावी. नजर अधू झाली असल्यास सुई आपण ओवून द्यावी.