लग्नाच्या प्रत्येक फोटोत गुरुजींसमोर माईक धरून उभा असलेला तो मुलगा; त्याच्याशिवाय काम भागू शकतं का?

घरातला कुठलाही लग्नाचा अल्बम काढा. अंतरपाट, नवरा-नवरी, अक्षता घेऊन उभे मामा. आणि या सगळ्यांच्या मधोमध निळ्या टी-शर्टातला एक मुलगा, हातात काळा माईक, नजर तिसरीकडेच. तो डेकोरेशनवाल्याचा माणूस. नाव कुणाला माहीत नसतं, पण नवरीच्या सख्ख्या भावापेक्षा तो जास्त फोटोंत सापडतो.

गेल्या हिवाळ्यात माझ्या चुलतबहिणीचं लग्न नाशिकजवळच्या एका लॉनवर होतं. फोटोग्राफरने आधीच बजावलं होतं की, फ्रेममध्ये माईक नको, स्टँड नको, वायर तर अजिबात नको. मग गुरुजींच्या उपरण्याला एक बारका कॉलर माईक लावला. दिसायला एकदम भारी. मुहूर्ताला वारा सुटला आणि पुढची वीस मिनिटं स्पीकरमधून फक्त फडफड ऐकू आली. पहिल्या रांगेतल्या आजीने मला दोनदा विचारलं, "लागलं का रे लग्न?" न्यू जर्सीहून लाईव्ह बघणाऱ्या आत्याला कन्यादानाच्या वेळचा काकांचा आवाज ऐकायचा होता. तिलाही तीच फडफड मिळाली.

म्हणजे माईक लपवता येतो, प्रश्न लपवल्यावर ऐकू येण्याचा आहे. हे का बिघडतं, ते आधी बघू.

हॉलमध्ये भिंती आणि छत आवाज परत फेकतात, त्यामुळे बारीक आवाजही मागपर्यंत जातो. लॉनवर आवाज गेला की गेला. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. हाच नियम तोंड आणि माईक यांच्यामधल्या अंतरालाही लागू आहे, आणि सगळी गोम तिथे आहे. ओठांच्या कोपऱ्यापासून अडीच सेंटीमीटरवर असलेला माईक आणि छातीवर २० सेंटीमीटरवर असलेला माईक, यात अंतर तीनदा दुप्पट होतं. म्हणजे जवळजवळ १८ डेसिबलचा फरक. छातीवरच्या माईकला तो भरून काढायला साउंडवाला आवाज वाढवतो. त्याबरोबर वारा, पाखरं, शेजारच्या लॉनवरचा बँड, सगळंच वाढतं. आणखी वाढवला की स्पीकरचा आवाज माईकमध्ये परत शिरतो आणि ती कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते.

त्यामुळे कुठला माईक घ्यायचा याआधी एक प्रश्न विचारा: आपल्या लग्नात बोलणार कोण?

इंग्रजी व्हिडिओंमध्ये सल्ला असतो की माईक नवऱ्याच्या कोटाला लावा. चर्चमधल्या किंवा गोव्याच्या बीचवरच्या लग्नात ते बरोबरच आहे. तिथे नवरा-नवरी समोरासमोर उभे राहून स्वतः शपथ घेतात, त्यामुळे एका माईकवर दोघांचं भागतं. जोतीराव फुल्यांनी सुरू केलेल्या सत्यशोधक पद्धतीतही वधू-वर स्वतःच बोलतात, तिथे दोघांना वेगवेगळे माईक हवेत. पण आपल्याकडच्या वैदिक पद्धतीच्या लग्नात नव्वद टक्के वेळ गुरुजी बोलतात. म्हणून सगळ्यात चांगला माईक गुरुजींना द्यायचा. नवरदेवाचा नंबर त्यानंतर.

गुरुजींसाठी माझं मत सरळ आहे, हेडसेट माईक. कानामागून येणारी बारीक, कातडीच्या रंगाची दांडी, टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा माईक, तोही ओठांच्या कोपऱ्याजवळ. नाटकवाले, कीर्तनकार वापरतात तोच. चार-पाच फुटांवरून तो दिसतही नाही. मान वळवली, होमात तूप सोडायला वाकले, तरी तोंड आणि माईक यांच्यातलं अंतर बदलत नाही. कॉलर माईकचं तसं नाही. गुरुजी पोथीकडे वळले की आवाज एकदम पडतो. त्यात आपले गुरुजी बहुतेकदा सोवळं नेसून, अंगावर फक्त उपरणं घेऊन बसतात. कॉलरच नाही तर कॉलर माईक लावणार कुठे? उपरणं घसरतं, वाऱ्याने उडतं, माईकवर घासतं. आमच्याकडे नेमकं हेच झालं.

हेडसेटची वायर पाठीवरून खाली आणून ट्रान्समीटरच्या डबीला जोडायची. ती डबी नुसती धोतरात खोचू नका, उठता-बसता निसटते. कमरेला पातळ पट्टा बांधून त्यात अडकवा. वायर मानेमागे मेडिकलमध्ये मिळणाऱ्या कागदी चिकटपट्टीने लावली की ओढली जात नाही. आणि गुरुजींना आधी विचारा, हे वेगळं सांगायला नको. काहींना कानाला काही लावलेलं आवडत नाही. मग त्यांच्या पाटासमोर बुटक्या स्टँडवर वाकणारा, लवचिक मानेचा माईक ठेवा. फुलांच्या आड अर्धा झाकला जातो. फक्त होमाच्या धगीपासून तो लांब ठेवा.

नवरदेवाचं प्रकरण जास्त गमतीचं आहे. शेरवानीच्या छातीवर माईक लावला, मंगलाष्टकं झाली, आणि नवरीने हार घातला. संपलं! माईक आता अर्धा किलो झेंडू-निशिगंधाखाली. वर मुंडावळ्यांचे मणी हलले की टकटक. त्यापेक्षा नाटकवाल्यांची युक्ती वापरा. ब्रॉडवेवर माईक केसांच्या कडेला, कपाळावर लपवतात. आपल्याकडे फेटा आयताच आहे. फेट्याच्या पुढच्या कडेतून माईकचं फक्त टोक बाहेर काढायचं. कपाळावरून आवाज छान उचलला जातो, हाराचा त्रास नाही. मुंडावळी मात्र माईकवरून जात नाही ना, एवढं बघून घ्या. नवरीला शक्यतो माईक लावूच नका. शालूची जर, ठुशी, मंगळसूत्र, बांगड्या, सगळंच वाजतं. शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या माईकमध्ये तिचा आवाज येतो, थोडा लांबून.

वाऱ्यासाठी फोमची टोपी किमान हवीच. वारा जास्त असेल तर ती केसाळ टोपी. उघड्यावर, नदीकाठी किंवा समुद्रकिनारी लग्न असेल, तर थोडं दिसलं तरी चालेल, पण ती लावा. कापडाच्या आत माईक लपवणं हा उपाय वाटतो, पण त्याने आवाज दबतो आणि कापड घासल्याचा खरखराट वाढतो.

"लांबून पकडणारा बंदुकीसारखा माईक मिळतो ना, तो झाडामागे ठेवू," असं एक तरी भाऊजी म्हणतातच. तो शॉटगन माईक बाजूचे आवाज कमी करतो, पण दुर्बिणीसारखा लांबचा आवाज जवळ आणत नाही. शूटिंगला ठीक, स्पीकरला जोडला की पुन्हा तीच शिट्टी.

आणि ते रील्सवाले छोटे चौकोनी वायरलेस माईक? रोड, डीजेआय यांचे असे माईक मुळात कॅमेऱ्यासाठी आहेत आणि ते २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. वायफाय आणि ब्लूटूथही तिथेच. पाचशे पाहुणे, पाचशे मोबाईल, शिवाय मध्ये उभी असलेली माणसं हे सिग्नल शोषून घेतात. ऐन सप्तपदीत आवाज तुटू शकतो. रेकॉर्डिंगसाठी खुशाल वापरा. स्पीकरला जोडण्यासाठी यूएचएफवर चालणारा वायरलेस सेट मागा आणि त्याचा रिसीव्हर मांडवाजवळ ठेवा. लॉनच्या दुसऱ्या टोकाला मिक्सरपाशी नको. ब्लूटूथ स्पीकर तर नकोच. त्यातला आवाज कानाला जाणवेल इतका उशिरा येतो, गुरुजी पुढे आणि मंत्र मागे.

स्पीकर नेहमी माईकच्या पुढे, पाहुण्यांच्या बाजूला. दोन धिप्पाड डबे पुढे ठेवून पहिल्या रांगेला बहिरं करण्यापेक्षा चार छोटे स्पीकर जागोजागी लावा. मागचे स्पीकर ३० मीटरवर असतील, तर पुढचा आवाज तिथे पोचायला सेकंदाचा अकरावा-बारावा भाग लागतो आणि मागच्यांना सगळं दोनदा ऐकू येतं. डिजिटल मिक्सरमध्ये डिले लावून हे जुळवता येतं. आवाज कमी ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. माईक तोंडाजवळ असेल तर स्पीकर किंचाळवावे लागत नाहीत.

एक हातातला माईक मात्र लागेलच. मावशीने, आत्याने स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हणायची असतात, आणि ती एकमेकींच्या हातात माईक देतच म्हटली जातात. तिथे लपवालपवी करू नका. शेवटच्या 'सावधान'नंतर तो फ्रेमबाहेर ठेवला की झालं. गुरुजींचा हेडसेट दगा देऊ लागला, तर तोच कामाला येतो.

लाईव्ह बघणाऱ्यांसाठी मिक्सरमधून एक वायर थेट व्हिडिओवाल्याला द्यायला सांगा. हे सांगितल्याशिवाय होत नाही, तो कॅमेऱ्याच्याच माईकवर भागवतो. चाचणी आदल्या संध्याकाळी सीमांत पूजनाला करा, तेव्हा गुरुजी असतात आणि गर्दीही. मुहूर्ताआधी सेल नवे घाला.

आणि तो माईक धरणारा मुलगा? त्याला मिक्सरपाशी बसवा. कारण हेडसेट लावलेले गुरुजी मंत्र थांबवून "सुपारी कुठेय? आणि दक्षिणेचं पाकीट कुणाकडे आहे?" असं विचारतात, तेव्हा ते अख्ख्या लॉनला ऐकू जातं. त्या वेळी आवाज खाली ओढणारं कुणीतरी तिथे हवं.