तिरुनागेश्वरम्‌ची नोंद : ग्रंथालयासाठी संगणकीय आज्ञावली रचताना

(१)

ग्रंथालयांच्या संगणकीकरणाविषयी आपल्याकडे जे लेखन होते, ते बहुधा ग्रंथालयशास्त्राच्या किंवा अभियांत्रिकीच्या अंगाने होते. वाङ्मयाच्या अभ्यासकाचा त्या विषयाशी काही संबंध आहे, असे सहसा मानले जात नाही. प्रस्तुत लेखात या समजाची फेरतपासणी करावयाची आहे. सार्वजनिक ग्रंथालयासाठी आज्ञावली रचणे हे काम वरवर यंत्राचे दिसले, तरी त्याच्या मुळाशी नाव, लिपी, वर्णक्रम आणि कालगणना यांविषयीचे निर्णय असतात, आणि हे निर्णय भाषाभ्यासाच्या कक्षेत येतात, असे येथे प्रतिपादन केले आहे.

कुंभकोणम्‌च्या पूर्वेस सुमारे सहा किलोमीटरांवर तिरुनागेश्वरम् हे गाव आहे. नवग्रहक्षेत्रांपैकी राहूचे स्थान म्हणून तेथील नागनाथस्वामींचे देवालय प्रसिद्ध आहे. एकोजी भोसल्यांनी १६७६ च्या सुमारास स्थापिलेल्या तंजावरच्या राज्यात हा कावेरीकाठचा मुलूख मोडत होता. त्यामुळे तंजावरी मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाची पावले या बाजूस वळतातच. या परिसरात अभ्यागत प्राध्यापक म्हणून वास्तव्य असताना प्रस्तुत लेखकास एका ग्रंथालयात जो अनुभव आला, तो या विवेचनाचे निमित्त ठरला.

सरफोजी राजांविषयीचा एक जुना ग्रंथ हवा होता. संगणकावर ‘सरफोजी’ असे लिहून शोध घेतला. काही सापडले नाही. तेथील वयोवृद्ध सेवकांनी एका कोपऱ्यातील लाकडी खण ओढला. त्यात एक पिवळे पडलेले कार्ड होते. ‘सरफोजी’ या नावाखाली ‘शरभोजी पाहा’ एवढेच त्यावर लिहिलेले होते. त्या खुणेने पाच मिनिटांत ग्रंथ हाती आला. चौकशी करता कळले की, कार्डांवरील नोंदी संगणकात उतरविताना अशी ‘पाहा’ कार्डे वगळली गेली, कारण नव्या आज्ञावलीत त्यांना जागाच नव्हती. ग्रंथ फडताळात सुखरूप होता; त्याच्याकडे जाणारी वाट तेवढी पुसली गेली होती.

(२)

डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांचा जन्म १८९२ साली तंजावर जिल्ह्यातील शियाळी येथे झाला. गणिताचे अध्यापक असलेले रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त ग्रंथरूपाने मांडले. त्यांपैकी चौथा सिद्धान्त वाचकाच्या वेळेची बचत करण्यास सांगतो. भारतीय नावांची नोंद कोणत्या पदापासून करावी, हा प्रश्नही त्यांना महत्त्वाचा वाटला. तालिका म्हणजे केवळ मालमत्तेची यादी नव्हे. वाचकाच्या मनातील शब्द आणि फडताळातील ग्रंथ यांना जोडणारा तो सेतू होय, ही दृष्टी त्यामागे आहे.

या दृष्टीने पाहता ग्रंथालयीन आज्ञावलीची दोन अंगे वेगळी करता येतात. देवघेव, मुदत, दंड, दाखलक्रमांक यांचा हिशेब हे पहिले अंग. ते सर्व देशांत जवळजवळ सारखेच असते, आणि तयार आज्ञावली ते उत्तम सांभाळते. दुसरे अंग शोधाचे. ते भाषेनुसार, प्रदेशानुसार आणि संग्रहानुसार बदलते. स्वतंत्र रचनेची गरज भासते ती येथे.

(३)

प्रथम नावांचा विचार करू. ‘तिरुनागेश्वरम्’ हे एकच नाव घ्यावे. रोमन लिपीत ते आरंभीच्या ‘टी’नंतर ‘एच’ घालून आणि न घालता, अशा दोन्ही प्रकारे लिहितात. तमिळमध्ये ग्रंथलिपीतून आलेला ‘स’ वापरून एक रूप होते, तर शैव भक्तिपरंपरेच्या वळणाचे ‘तिरुनागेच्चरम्’ हे दुसरे रूप आहे. शिवाय तमिळ लिपीत क, ख, ग आणि घ यांसाठी एकच अक्षर आहे. तमिळ नोंद यंत्राकडून अक्षरशः देवनागरीत उतरविली, तर ‘तिरुनाकेस्वरम्’ असे रूप हाती येते. मराठी वाचक हे रूप कधीही शोधणार नाही.

व्यक्तिनामांत हा घोटाळा अधिक गंभीर होतो. तमिळमध्ये प, फ, ब, भ यांसाठी एकच अक्षर असल्याने ‘भोसले’ हे नाव अक्षरशः उलटविता ‘पोस्ले’ होते. ‘सरफोजी’ या नावाच्या तमिळ रूपाचे तर ‘चरपोजि’ होते. देवनागरीतून तमिळमध्ये जाण्याचा नियम यंत्राला शिकविता येतो. पण तमिळमधून देवनागरीत परत येण्याचा नियम केवळ अक्षरांवरून बांधता येत नाही, कारण जाताना गळलेला भेद येताना कोठून आणावयाचा? तो ज्ञात्या माणसाच्या स्मरणातूनच आणावा लागतो.

यावर उपाय आहे आणि तो जुनाच आहे. प्रत्येक व्यक्तीची व स्थळाची एक नामनोंद करावी. तिला एक स्थिर क्रमांक द्यावा आणि त्या क्रमांकाखाली सर्व लिप्यांतील सर्व रूपे नोंदवावीत. ग्रंथाची नोंद नावाच्या वर्णलेखनाशी न जोडता त्या क्रमांकाशी जोडावी. असे केले की वाचक ‘शरभोजी’ लिहो, ‘सरफोजी’ लिहो किंवा तमिळ रूप लिहो, तो एकाच ठिकाणी पोहोचतो. लाकडी खणातील ‘पाहा’ कार्डाचा हा नवा अवतार होय. आज्ञावलीकाराला हे काही दिवसांत साधता येईल. मात्र कोणती रूपे एका व्यक्तीची आणि कोणती दोन भिन्न व्यक्तींची, हे तो सांगू शकत नाही. तंजावरच्या गादीवर एकाहून अधिक शहाजी आणि सरफोजी होऊन गेले, हे ध्यानात घेतले म्हणजे या कामातील जोखीम कळेल.

(४)

दुसरा प्रश्न अक्षरांचा. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या संकेतप्रणालीत देवनागरी आणि तमिळ या दोहोंस स्थान मिळाले. मोडीला ते २०१४ साली मिळाले. तत्पूर्वी प्रत्येक मुद्राक्षरसंचाचे संकेत निराळे असत. त्या काळी भरलेल्या नोंदी मूळ मुद्राक्षर नसेल तर आज निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसतात. परंतु युनिकोड आले म्हणून सर्व प्रश्न मिटले, असे नाही.

तमिळमधील विशिष्ट ध्वनी दाखविण्यासाठी देवनागरीत ऩ, ऱ आणि ऴ ही नुक्तायुक्त अक्षरे आहेत. यांपैकी प्रत्येक अक्षर दोन प्रकारे साठविता येते : एकाच संकेताने, किंवा मूळ अक्षर व नुक्ता अशा दोन संकेतांनी. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. यंत्राला ती भिन्न वाटतात. या दोहोंचे एकरूपीकरण करण्याचा नियम युनिकोडमध्येच दिलेला आहे, आणि आज्ञावलीने तो पाळला की काम भागते. मराठीतील ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांसारख्या शब्दांची स्थिती मात्र याहून अवघड आहे. त्यातील अर्धा र कोणी नुक्तायुक्त ऱ पासून साधतो, तर कोणी साध्या र ला हलन्त करून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवून साधतो. या दोहोंना युनिकोड आपणहून समान मानत नाही. हा नियम मराठी जाणणाऱ्यानेच आज्ञावलीत घालावा लागतो. अन्यथा तोच शब्द शोधणाऱ्या दोघांपैकी एकाला ग्रंथ मिळेल आणि दुसऱ्याला मिळणार नाही.

वर्णक्रमाचेही असेच आहे. संकेतांच्या क्रमाने यादी लावली तर ळ हा ल च्या लगेच नंतर येतो आणि ‘क्षत्रिय’ हा शब्द क मध्ये जाऊन बसतो. मराठी वर्णमालेत ळ, क्ष आणि ज्ञ यांचे स्थान ह च्या पुढे आहे. तमिळमध्येही परंपरेने अखेरीस येणारी अक्षरे संकेतक्रमात मध्येच येतात. म्हणून दोन्ही भाषांचे ग्रंथ बाळगणाऱ्या संग्रहात प्रत्येक भाषेचा क्रम स्वतंत्रपणे लिहून द्यावा लागतो.

(५)

तंजावरच्या सरस्वती महालातील मराठी हस्तलिखितांची संख्या तीन हजारांहून अधिक आहे. मोडी कागदपत्रांचे शेकडो गठ्ठे वेगळेच. दुसऱ्या सरफोजींनी (राज्यकाल १७९८-१८३२) समृद्ध केलेला हा संग्रह १९१८ साली सार्वजनिक झाला. अशा प्रकारच्या संग्रहांची तालिका करताना कालनिर्देशाचा प्रश्न पुढे येतो. पोथीच्या पुष्पिकेत शक आणि संवत्सर असते. मराठेशाहीतील कागदांवर पुष्कळदा सुहूर सन असतो. शकात ७८ मिळविल्याने इसवी सन येतो, परंतु पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथीस बहुधा ७९ मिळवावे लागतात. तयार आज्ञावलीत इसवी सनाचा एकच चौकोन असेल, तर नोंदकार अंदाजाने आकडा भरतो आणि मूळ निर्देश कायमचा नाहीसा होतो. म्हणून मूळ निर्देश जसाच्या तसा एका जागी, काढलेला इसवी सन दुसऱ्या जागी आणि तो कोणी काढला हे तिसऱ्या जागी, अशी योजना असावी. पाठसंपादनाच्या शिस्तीत वाढलेल्या अभ्यासकास हे नवीन वाटू नये.

(६)

आता साहजिकच असा प्रश्न उपस्थित होतो की, लहान ग्रंथालयाने हे सारे करावे कसे? येथे न्यूझीलंडचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथील होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासाची जुनी यंत्रणा २००० सालाचा बदल पेलणार नव्हती. महागडी तयार यंत्रणा विकत घेण्याऐवजी न्यासाने १९९९ साली कटिपो कम्युनिकेशन्स या लहान संस्थेकडून स्वतःसाठी आज्ञावली लिहवून घेतली. जानेवारी २००० मध्ये ती चालू झाली आणि पुढे मुक्त परवान्याखाली सर्वांना खुली करण्यात आली. माओरी भाषेत ‘देणगी’ असा अर्थ असलेले ‘कोहा’ हे नाव तिला दिलेले आहे. भारतातील अनेक ग्रंथालये आज ती वापरतात.

यातून घ्यावयाचा बोध असा नाही की, प्रत्येक ग्रंथालयाने सर्व काही आरंभापासून लिहावे. एकट्या माणसाने लिहिलेली आज्ञावली तो निघून गेल्यावर अनाथ होते, हा धोका खराच आहे. म्हणून देवघेवीचे अंग मुक्त आज्ञावलीतून घ्यावे. नाम, लिपी, क्रम आणि काल यांचे नियम तेवढे स्वतः रचावेत. ते नियम यंत्राच्या भाषेबरोबरच साध्या मराठीत व तमिळमध्येही लिहून ठेवावेत. आणि सर्व नोंदी मान्य प्रमाणरूपात केव्हाही बाहेर काढता येतील याची खात्री आधीच करून घ्यावी. आज्ञावली बदलेल, यंत्रे तर बदलतीलच. नोंदी टिकल्या पाहिजेत.

या नियमांची सूची कोणी करावयाची, हाच अखेर कळीचा प्रश्न आहे. आज्ञावलीकार तिची वाट पाहात असतो आणि ती मिळाली नाही म्हणजे स्वतःच्या सोयीने एक निर्णय घेऊन मोकळा होतो. त्यात त्याचा दोष नाही. तंजावरी मराठीच्या अभ्यासकांनी आपापल्या टिपणवह्यांतील नामरूपे एकत्र केली, तरी या कामाचा पाया घातला जाईल. ज्यांनी ती पिवळी कार्डे लिहिली, त्या ग्रंथपालांनी हे काम दौत-टाकाने केले होते. त्यांचे ज्ञान नव्या यंत्रात उतरविण्याची जबाबदारी आता आपल्यावर आहे, आणि तो लाकडी खण भंगारात जाण्यापूर्वी ती पार पाडली पाहिजे.