विटलेल्या रेक्झिनला नवा रंग
अम्बॅसडर मोटारीचे उत्पादन २०१४ साली थांबले. तरी काही घरांच्या दारी ती अजून दिमाखात उभी असते. इंजिन ठणठणीत, पत्रा शाबूत. आत मात्र गाद्यांचे रेक्झिन विटलेले, आणि एखाद्या दाराला आतून दुसऱ्याच गाडीचा विजोड तुकडा! सगळे उसवून नवी आवरणे शिवण्याची घाई करू नये. रेक्झिन फाटलेले नसेल, तर ते रंगवता येते.

हा रंग कापडाप्रमाणे आत मुरत नाही. पृष्ठभागावर पातळ, लवचीक थर होऊन बसतो. म्हणून घरातला ऑइल पेंट येथे कुचकामी. गादी दबली की त्याला तडे जातात. व्हिनाइलसाठीच तयार केलेला रंग घ्यावा. खरी मेहनत त्याआधीची. वर्षानुवर्षे चोळलेले सिलिकॉनचे पॉलिश आणि अंगाचा घाम दाण्यादाण्यांत दडलेला असतो. त्यावर रंग धरत नाही, पोपडे सुटतात. साबणाच्या पाण्याने, मऊ ब्रशाने दोनदा धुवावे, मग व्हिनाइलच्या क्लीनरने पुसून शिवणींसकट वाळू द्यावे. त्यासाठी एक अख्खा रविवार राखून ठेवावा.

विजोड तुकडा शेजारच्या रंगाशी जुळवत बसणे व्यर्थ; उन्हाने विटलेली छटा डब्यात मिळत नाही. सगळेच एका गडद रंगात न्यावे. मोकळ्या हवेत, जाड थराऐवजी दोनतीन पातळ हात द्यावेत. सीट बेल्टच्या पट्ट्यांना मात्र थेंबही लागू देऊ नये.

मऊपणा राखणारे द्रव्य उन्हातान्हात निघून गेल्याने जे रेक्झिन कडक होऊन तडकले आहे, ते रंगाने सुधारत नाही. तेथे गाद्या शिवणारा कारागीरच गाठावा.