घामाची भरपाई : घरचे पेय की बाटलीतले?

वसई-विरारची महापौर मॅरेथॉन 2011 साली सुरू झाली आणि पापडीसारख्या गावांतील मुलांनाही लांब पल्ल्याच्या धावण्याची ओळख झाली. मैदानावर आता रंगीत पेयाच्या बाटल्याही दिसतात. त्या बाटलीत असते काय आणि ते घरी करता येईल का, हे आपण पाहू.

एक लिटर घामातून साधारण अर्धा ते दीड ग्रॅम सोडियम जाते. नुसते पाणी प्यायल्यास पाणी भरून निघते, सोडियम नाही. लहान आतड्याच्या पेशींत ग्लुकोज व सोडियम जोडीने शिरतात आणि त्यांच्यामागोमाग पाणी शोषले जाते. म्हणून पाण्यात थोडी साखर व थोडे मीठ हवे. 1965 मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात डॉ. रॉबर्ट केड व सहकाऱ्यांनी खेळाडूंसाठी तयार केलेल्या 'गॅटोरेड'चा पायाही पाणी, साखर व क्षार हाच होता.

घरी करायचे तर एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सुमारे 50 ग्रॅम साखर, सपाट पाव चमचा (दीड ग्रॅम) मीठ आणि एका लिंबाचा रस घ्यावा. यातून सुमारे 0.6 ग्रॅम सोडियम मिळते. पोटॅशियमसाठी सोबत एक केळे किंवा वसईची सुकेळी खावी. विकतच्या पेयाचा फायदा इतकाच, की त्याचे प्रमाण ठरलेले असते. घरी मीठ अंदाजाने टाकू नये. ते मोजूनच घ्यावे. तासाभराच्या आतील खेळाला मात्र साधे पाणी पुरते.

येथे एक घोटाळा टाळलाच पाहिजे. जुलाबावरील जलसंजीवनी आणि खेळाडूंचे पेय एक नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002 च्या सूत्रानुसार जलसंजीवनीच्या एका लिटरमध्ये 13.5 ग्रॅम ग्लुकोज व सुमारे 1.7 ग्रॅम सोडियम असते. खेळाडूंच्या पेयात साखर कितीतरी जास्त आणि सोडियम कमी. जुलाब होणाऱ्या बाळाला ते दिले, तर जादा साखर आतड्यात पाणी ओढून घेते व जुलाब वाढू शकतात. सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात 'ओआरएस' ही अक्षरे वापरण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर 2025 मध्ये मनाई केली, ती याच धोक्यामुळे.

विद्यार्थ्यांना रिकाम्या बाटल्या आणायला सांगा. वेष्टनावरील दर 100 मिलिलिटरचे आकडे दहाने गुणून वरील दोन्ही प्रमाणांशी ताडून पाहू द्या. कोणते पेय कोणासाठी, हे मग त्यांचे तेच सांगतील.