हिंवाळी फुलझाडें : निवड व जोपासना

फुलझाडांचा विषय निघाला कीं, "फुलांनीं का पोट भरतें?" असा प्रश्न बहुतेक बागाइतदार करतात. प्रश्न अगदींच खोटा नाहीं. परंतु ज्याच्या विहिरीला माघापर्यंत पाणी पुरतें व ज्याचें गांव बाजारापासून सकाळच्या एका खेपेच्या अंतरावर आहे, त्यानें गुंठा-दोन गुंठे जमीन हिंवाळी फुलांस दिली तर घरच्या देवपूजेची सोय होऊन वर चार पैसेही हातीं येतात. मात्र हीं झाडें वेळेची चूक सोसत नाहींत. ज्वारीची पेरणी आठवडाभर लांबली तरी कांहीं तरी पदरांत पडतें. अ‍ॅस्टरची पेरणी महिनाभर लांबली तर ऐन बहराला ऊन गांठतें आणि बीं, खत, पाणी व श्रम सर्वच वायां जातात. म्हणून काय लावावें व केव्हां लावावें याचा विचार आधीं करावा.

हवा व हंगाम

आपण ज्यांस हिंवाळी फुलें म्हणतों त्यांपैकीं पुष्कळ झाडें परदेशांतून आलेलीं आहेत. अ‍ॅस्टर मूळचें चीनचें, फ्लॉक्स टेक्सासचें, पिटूनिया दक्षिण अमेरिकेंतील, तर स्वीटपी सिसिली बेटांतील. स्वीटपीचें बीं इ. स. १६९९ मध्यें सिसिलीहून इंग्लंडांत गेलें व तेथून जगभर पसरलें. थंड देशांत हीं झाडें वसंतांत व उन्हाळ्याच्या आरंभीं फुलतात. तेथील वसंतासारखी हवा, म्हणजे दिवसा निर्मळ ऊन व रात्रीं गारवा, आपल्या देशावर कार्तिकापासून माघापर्यंत असते.

रात्रीच्या गारव्याचा उपयोग असा कीं, दिवसा उन्हांत पानांनीं तयार केलेली साखर झाडाच्या श्वसनांत रात्रीं कमी खर्च होते व शिल्लक राहिलेली फुलांच्या वाट्यास येते. त्यामुळें फूल मोठें होतें, रंग गडद येतो व तें झाडावर अधिक दिवस टिकतें. पुणें, सातारा, नगर, नाशिक या भागांत हा गारवा चांगला मिळतो. कोंकणांत रात्री तितक्या थंड होत नाहींत; तेथें पॅन्सी व स्वीटपी यांच्या नादीं न लागतां झेंडू व पिटूनिया यांवर भर द्यावा. उलट निफाडकडे कधीं कधीं पारा फार उतरतो. तेथें कोंवळ्या रोपांवर थंडीच्या रात्रीं गवताचें आच्छादन ठेवावें व पहांटे हलकें पाणी द्यावें.

जातींची निवड

लागवडीच्या सोयीसाठीं या झाडांचे तीन वर्ग करावेत.

पहिला वर्ग तरव्यांत रोपें करून लावण्याचा. अ‍ॅस्टर, फ्लॉक्स, पिटूनिया, पॅन्सी, डायान्थस, अँटिर्‍हिनम, कॅलेंड्युला हीं यांत येतात. दुसरा वर्ग जागेवरच बीं टोंचण्याचा. स्वीटपी, लार्कस्पर व नॅस्टर्शियम यांचीं मुळें दुखावलीं कीं झाड खुरटतें. म्हणून यांचीं रोपें उपटून लावूं नयेत. स्वीटपीचें बीं रात्रभर पाण्यांत भिजवून पेरावें व वेलास काटक्यांचा आधार द्यावा. नॅस्टर्शियमला हलकी जमीनच मानवते. खत जास्त झालें तर पाला माजतो व फुलें त्याखालीं दडतात. तिसरा वर्ग शेवंतीचा. ती बियांपासून न करतां जुन्या झाडाच्या बुंध्याशीं फुटलेल्या काश्यांपासून करतात.

घरच्या शोभेसाठीं यांतील कोणतेंही झाड चालेल. बाजारासाठीं मात्र आरंभीं अ‍ॅस्टर व शेवंती हींच दोन धरावींत. हीं फुलें माळेंत व हारांत चालतात, तोडल्यावर लवकर कोमेजत नाहींत आणि मार्गशीर्षांतील गुरुवारीं त्यांस मागणी असते.

तरवा

अ‍ॅस्टरला पेरणीपासून फुलावर येण्यास सुमारें साडेतीन महिने लागतात. हस्त नक्षत्रांत पेरलेलें अ‍ॅस्टर जानेवारींत फुलतें. मार्गशीर्षाचा बाजार साधावयाचा तर ऑगस्टच्या मध्यास पेरावें लागतें व तरव्यावर पावसापासून बचावासाठीं छप्पर करावें लागतें. नोव्हेंबर संपतां संपतां पेरलेलें अ‍ॅस्टर मार्चांत फुलूं लागतें व उन्हानें करपतें; तो खटाटोप करूं नये.

तरव्यासाठीं तीन फूट रुंद, दहा फूट लांब व चार ते सहा इंच उंच असे गादीवाफे करावेत. माती भुसभुशीत करून तींत चांगलें कुजलेलें व चाळलेलें शेणखत मिसळावें. एक गुंठ्यांत फूट-फूट अंतरावर सुमारें नऊशें ते हजार रोपें बसतात. त्यांस पांच ग्रॅम अ‍ॅस्टरचें ताजें बीं पुरतें. येथें "ताजें" हा शब्द महत्त्वाचा आहे. अ‍ॅस्टरच्या बियांची उगवणशक्ति लवकर जाते, म्हणून गेल्या सालच्या मागील सालचें बीं स्वस्त मिळालें तरी घेऊं नये. बीं बारीक वाळूंत मिसळून ओळींत विरळ पेरावें व चाळलेल्या खताचा पातळ थर द्यावा. पिटूनियाचें बीं खसखशीहूनही बारीक असतें. तें मातीनें झांकूं नये, नुसतें दाबावें. उगवेपर्यंत वाफ्यावर वाळलें गवत अंथरून झारीनें पाणी द्यावें. कोंब दिसतांच गवत काढावें.

तरव्यांत खरें भय रोपें कोलमडण्याचें. बुडाशीं देंठ काळा पडून रोप आडवें होतें व दोन दिवसांत वाफाच्या वाफा बसतो. दाट पेरणी, सायंकाळचें पाणी व तुंबलेला ओलावा हीं त्याचीं कारणें. पाणी सकाळींच द्यावें. रोग दिसतांच मोरचूद दहा ग्रॅम व चुना दहा ग्रॅम एक लिटर पाण्यास घेऊन केलेलें बोर्डो मिश्रण वाफ्यांत ओतावें. रोग आल्यावर धांवण्यापेक्षां बीं विरळ टाकणें स्वस्त पडतें.

लावणी, पाणी व खत

चार-पांच आठवड्यांत रोपांस चार-सहा पानें आलीं कीं तीं लावण्याजोगीं होतात. लावणीपूर्वीं तीन-चार दिवस पाणी तोडावें म्हणजे रोप कणखर होतें. काढण्याच्या दिवशीं सकाळीं वाफा भिजवून, मुळाशीं माती राखून, उन्हें उतरल्यावर लावणी करावी. पॅन्सीस सहा ते नऊ इंच व अ‍ॅस्टर, पिटूनिया, अँटिर्‍हिनम यांस एक फूट अंतर ठेवावें. काळ्या जमिनींत आठ दिवसांनीं व हलक्या जमिनींत चार-पांच दिवसांनीं पाणी पुरतें. पाणी सरींतून द्यावें, पानांफुलांवर उडवूं नये. अँटिर्‍हिनम, पिटूनिया व डायान्थस यांचा शेंडा चार-पांच इंचांवर खुडला म्हणजे फांद्या फुटतात. लार्कस्परचा खुडूं नये. शोभेच्या झाडांवरील सुकलीं फुलें वेळींच काढावींत, कारण बीं धरूं लागलें कीं झाड फुलणें थांबवितें.

शेवंती व रात्रीचा अंधार

शेवंतीविषयीं आमच्याच शेतांतील एक चूक सांगण्यासारखी आहे. एके वर्षीं विहिरीजवळ शेवंतीच्या कांहीं ओळी लावल्या. मोटारीच्या खोपटावर विजेचा दिवा होता व तो रात्रभर जळत असे. मार्गशीर्षांत दूरच्या ओळी फुलांनीं भरल्या. दिव्याजवळच्या दोन ओळी मात्र हिरव्यागार व उंच, पण कळीचें नांव नाहीं. खत कमी पडलें असें समजून आम्हीं आणखी खत घातलें. झाडें अधिकच माजलीं. त्या ओळींचा हंगाम हातचा गेला.

दोष खताचा नव्हता, दिव्याचा होता. गार्नर व अ‍ॅलर्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं इ. स. १९२० मध्यें दाखवून दिलें कीं, कांहीं झाडें दिवसाच्या लांबीवरून फुलण्याची वेळ ओळखतात. शेवंती त्यांपैकींच आहे. आपल्याकडे जूनमध्यें दिवस सुमारें तेरा तासांचा व डिसेंबरांत अकरा तासांचा असतो. रात्र लांबूं लागली कीं शेवंती कळी धरते. मध्येंच उजेड पडला तर तिच्या लेखीं रात्र तुटते व ती वाढतच राहते. पुढील वर्षीं दिवा कामापुरताच लावला आणि त्याच जागीं शेवंती वेळेवर फुलली.

म्हणून शेवंतीसाठीं दिव्यापासून दूरची जागा निवडावी. काश्या एप्रिल-मे महिन्यांत लावाव्यात, महिन्याभरानें शेंडा खुडावा, आणि ऑगस्ट संपल्यावर खुडणें बंद करावें; नाहीं तर कळीच खुडली जाते.

कीड, तोडणी व बीं

शेवंतीच्या शेंड्यांवर मावा पडतो. ढालकिडे त्याचा फडशा पाडतात, म्हणून उठल्यासुटल्या विषारी औषध मारूं नये. पांच टक्के निंबोळी अर्क आधीं वापरावा. अ‍ॅस्टरचें झाड एकाएकीं पिवळें पडून वाळलें तर तो मर रोग समजावा. त्याची बुरशी मातींत राहते; झाड उपटून जाळावें व त्या जागीं तीन-चार वर्षें अ‍ॅस्टर लावूं नये.

हारासाठीं फुलें पूर्ण उमललेलीं, सकाळीं दंव वाळल्यावर तोडावींत. शेवंती पाटींत भरतांना वर पाणी शिंपडूं नये; वजन वाढतें खरें, पण फूल बाजारांत पोंचेपर्यंत काळें पडतें व दुसऱ्या खेपेस व्यापारी आपला माल ओळखून भाव पाडतो. सर्व फुलें एकदम येऊं नयेत म्हणून पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानें दोन-तीन हप्त्यांत पेरणी करावी.

बियांसाठीं उत्तम झाडें आधींच खूण करून ठेवावींत व त्यांवरील पहिलीं फुलें न तोडतां वाळूं द्यावींत. संकरित बियाण्याच्या झाडांचें बीं मात्र राखूं नये. पुढची पिढी सारखी निघत नाहीं.

प्रथम वर्षीं एकच गुंठा करावा. पेरणीची तारीख, पहिल्या फुलाची तारीख व विक्रीचा आंकडा वहींत लिहून ठेवावा. दुसऱ्या वर्षीं किती जमीन द्यावी, हें त्या वहीवरून ठरवावें.