जुन्या चित्रावर नवा हात

गेल्या गणपतीत आमच्या दांडिया बाजारातल्या घरी वडिलांचे एक जुने स्नेही दर्शनाला आले. वय ऐंशीच्या पुढे, हातात काठी, खांद्याला झोळी. प्रसाद घेऊन झाल्यावर ते दिवाणखान्यातल्या एका तैलचित्रासमोर जाऊन उभे राहिले. चित्र त्यांचेच. 1964 साली, चित्रकला शिकत असताना त्यांनी ते काढले. त्यात माझे वडील तंबोरा घेऊन बसले आहेत. वडील राजवाड्यात गाणारे. संस्थान 1949 साली विलीन झाले, पण नवरात्रात आणि गणपतीत राजवाड्यातली त्यांची हजेरी पुढेही बरीच वर्षे चालू होती. चित्रात ते बत्तीस वर्षांचे आहेत. मी त्यांचे शेंडेफळ. त्या वयाचे वडील मी पाहिलेलेच नाहीत.

बराच वेळ चित्र न्याहाळून काका म्हणाले, "हे मला दोन महिन्यांकरिता दे. चेहरा आणि हात पुन्हा करतो. हे मी काढलेले नाही रे, माझ्या मास्तरांच्या धाकाने काढले आहे. तंबोऱ्यावरची बोटे बघ, एकेक नख मोजून काढलेय. बुवा असे बसत नसत. आज मी ते चार रेषांत सांगेन."

मी काही बोलण्यापूर्वी आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "भावोजी, मी या घरात आले तेव्हा हे चित्र भिंतीवर होते. हे त्या वयाचे कसे दिसत, याचा एवढाच पुरावा माझ्यापाशी आहे. त्याला हात नका लावू."

काका हसले आणि गप्प बसले. प्रसंग तेथे मिटला. माझ्या मनातला प्रश्न मात्र मिटला नाही. चित्र काकांचे. हात त्यांचा, बुद्धी त्यांची. साठ वर्षांत त्यांची दृष्टी बदलली. मग आपलेच जुने काम आपल्या नव्या दृष्टीने सुधारण्याचा त्यांना हक्क नाही काय?

हा प्रश्न आजचा नाही. लंडनच्या नॅशनल गॅलरीत रेन्वार या फ्रेंच चित्रकाराचे छत्र्यांचे एक प्रसिद्ध चित्र आहे. 1881 च्या सुमारास त्याने ते सुरू केले आणि अर्धवट ठेवले. मध्ये तो इटलीला जाऊन आला, राफाएलची चित्रे पाहून आला, आणि आपल्या मऊ, पिसासारख्या कुंचल्यावरचा त्याचा विश्वास डळमळला. 1885-86 च्या सुमारास त्याने ते चित्र पुन्हा हाती घेतले. आज त्या चित्राची उजवी बाजू जुन्या हातची आहे, मुले आणि त्यांची आई जणू धुक्यात विरघळणारी. डावीकडची टोपली घेतलेली तरुणी नव्या हातची, घट्ट रेषेत बांधलेली. बायकांच्या पोशाखातसुद्धा चार वर्षांचे अंतर पडले आहे! एका चित्रात दोन रेन्वार बसले आहेत आणि तरीही चित्र लोभसवाणे आहे. तेव्हा जुन्या कामाला हात लावूच नये, असा सरसकट नियम करता येणार नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ते चित्र तेव्हा रेन्वारच्या चित्रशाळेतच होते. अजून कोणाच्या भिंतीवर गेले नव्हते, कोणाच्या डोळ्यांत बसले नव्हते.

भिंतीवर गेलेल्या चित्राची गोष्ट निराळी. रशियन चित्रकार रेपिन याने 1885 साली झार इव्हान आणि त्याचा मुलगा यांचे चित्र काढले. रागाच्या भरात स्वतःच्या मुलावर घाव घालून, मग त्याला पोटाशी धरून बसलेला बाप. मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयातील हे चित्र 1913 साली एका माथेफिरूने सुरीने फाडले. चिरा सांधल्या गेल्या आणि रंग भरण्यासाठी खुद्द रेपिनला बोलावले. तो आता अडुसष्ट वर्षांचा झाला होता, त्याची रंगाची आवड पालटली होती. त्याने केवळ चीर बुजवली नाही; झारचे सबंध डोकेच जांभळट छटांत नव्याने रंगवले आणि तो निघून गेला. संग्रहालयाचे प्रमुख ग्राबार यांनी येऊन पाहिले तो काय, धड एका चित्राचे आणि डोके दुसऱ्याच! त्यांनी रेपिनचा तो ओला रंग पुसून काढवला आणि जुन्या रूपाबरहुकूम जलरंगाने चिरा भरून घेतल्या. म्हणजे चित्रकाराच्या हातापासून चित्रकाराचे चित्र वाचवावे लागले.

ग्राबारांचे चुकले, असे आज कोणी म्हणेलसे वाटत नाही. 1885 चा रेपिन 1913 साली हयात नव्हता. त्याच नावाचा एक म्हातारा हयात होता, आणि तो थोर होता. पण त्या तरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यालाही उरला नव्हता.

हे मी एवढ्या ठामपणे लिहितो, त्याला कारण आहे. हा अपराध मी स्वतः केलेला आहे.

वडिलांची चिजांची एक वही होती. त्यांची स्वरलेखनाची पद्धत घरगुती होती, शिसपेन्सिलीच्या खुणा, काही मात्रांवर बारीक टिंबे. मी पंचवीस वर्षांचा, नुकताच पदवी घेऊन आलेला, भातखंडे पद्धतीत मुरलेला. वडील जाऊन वर्षही झाले नव्हते. वही नीट करावी अशा सद्भावनेने मी बसलो, खोडरबराने ती टिंबे पुसली आणि शाईने शास्त्रशुद्ध खुणा केल्या. आठ-दहा चिजा मी अशा 'सुधारल्या'. पुढे काही वर्षांनी वडिलांचे एक वृद्ध शिष्य घरी आले आणि त्यातलीच पूरियाची एक चीज गुणगुणले. मुखड्यावर समेच्या अलीकडे ते किंचित थांबले, श्वासाएवढेच. "बुवांची ही जागा," असे म्हणाले. मी वही उघडली. जेथे टिंब होते तेथे माझी सुबक शाई होती. त्या एका चिजेतली जागा शिष्यांमुळे मिळाली. बाकीच्या चिजांत काय होते, हे सांगणारे आता कोणी नाही.

त्यातून गवयाचे एक बरे असते. काल गायलेला यमन कालच संपला; आजचा यमन कालच्या यमनाला पुसून गावा लागत नाही. फैयाज खाँसाहेबांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या आहेत. पण मैफिलीत तोच राग ते दर वेळी नवा मांडत, आणि तबकडी आपल्या जागी अबाधित राहिली. चित्रकाराला ही मोकळीक नाही. त्याला जुन्याच कापडावर नवे म्हणायचे असेल, तर जुने गाडावेच लागते.

मात्र त्याला दुसरे कापड घेता येते. याचा दाखला आपल्या बडोद्यातच आहे. कीर्तिमंदिराच्या भिंती नंदलाल बोस यांनी 1939 ते 1946 या काळात रंगवल्या. त्यातील 'नटीर पूजा' हा विषय त्यांनी 1942 साली शांतिनिकेतनच्या चीनाभवनात रंगवला होता. 1943 साली येथे तो पुन्हा घेतला, पण नव्या भिंतीवर. दोन्ही आहेत, दोन्ही पाहता येतात. ना. श्री. बेंद्रे यांचेही उदाहरण आठवते. 1910 साली इंदुरास जन्मलेला हा आपला मराठी माणूस 1950 साली बडोद्याच्या विद्यापीठात चित्रकला शिकवायला आला आणि 1966 पर्यंत येथे होता. इंदूरच्या वळणाची निसर्गचित्रे, मग घनवाद, मग अमूर्त, उतारवयात ठिपक्याठिपक्यांनी भरलेली चित्रे, एवढी वळणे त्यांनी घेतली. समजा, प्रत्येक वळणावर त्यांनी मागची चित्रे नव्या रीतीने रंगवली असती, तर आज आपल्याला एक बेंद्रे मिळाले असते. चार मिळाले नसते.

तेव्हा माझा कौल असा: काम चित्रशाळेत आहे तोवर कलावंताने ते शंभरदा खुशाल मोडावे. एकदा ते घराबाहेर पडले, लोकांच्या सहवासात मुरले, की सुधारणा नव्या कापडावर करावी. जुन्यातले दोषही त्या वयाचे आहेत, आणि ते वय परत येत नाही.

आठ दिवसांनी मी काकांकडे गेलो आणि वहीची हकीकत त्यांना सांगितली. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या आईचे बरोबर होते. ते पोर नखे मोजत होते, तर मोजू दे." थोड्या वेळाने विचारले, "बुवांचा तो तंबोरा अजून आहे ना?"

दिवाळीनंतर त्यांचा निरोप आला. नवा कॅनव्हास ताणून ठेवला आहे, तंबोरा घेऊन ये, आणि तार लावूनच आण. मी दर रविवारी जातो. त्यांचा हात आता कापतो, तासाभरात थकतात. बोटांच्या जागी अजून चार रेषाच आहेत. चेहरा व्हायचा आहे.