युनिक्समधील राखीव प्रती व फायलींच्या परवानग्या

युनिक्समधील राखीव प्रती व फायलींच्या परवानग्या : संगणकातील माहिती नष्ट झाल्यास ती पुन्हा मिळावी म्हणून अन्यत्र ठेवलेली तिची प्रत म्हणजे राखीव प्रत अथवा बॅकअप होय. युनिक्स व तिच्या धर्तीवरील लिनक्स या प्रणालींत ‘रूट’ या सर्वाधिकारी वापरकर्त्यास बहुतेक सर्व फायली वाचता येतात. हा अधिकार नसलेल्या व्यक्तीने प्रत घेतल्यास काही फायली वगळल्या जाऊन प्रत अपुरी राहण्याचा संभव असतो.

केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत युनिक्सचा पाया घातला. एकाच यंत्रावर अनेकांनी काम करावे व एकाची माहिती दुसऱ्यापासून सुरक्षित राहावी, ही गरज तिच्या रचनेत गृहीत आहे. पुण्यात या गरजेचे ठळक रूप महासंगणकांवर दिसते. प्रगत संगणन विकास केंद्राची (सी-डॅक) स्थापना तेथे १९८८ मध्ये झाली व १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला. पुढे राष्ट्रीय महासंगणन मोहिमेखाली पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत (आयसर) परम ब्रह्म बसविण्यात आला. अशा यंत्रांवर संशोधकास केवळ स्वतःचे खाते मिळते. रूटचा अधिकार व्यवस्थापकांकडे असतो. दीर्घ गणनांची फलिते ज्या तात्पुरत्या साठ्यात पडतात, त्याची राखीव प्रत संगणन केंद्रे सहसा घेत नाहीत. ते काम प्रकल्पातील एखाद्या सभासदाकडे येते आणि सहकाऱ्यांच्या फायलींपाशी त्याला अडथळा होतो.

प्रत्येक फाइलीस एक मालक व एक गट असतो. मालक, गट व इतर या तिघांसाठी वाचणे, लिहिणे व चालविणे अशा तीन-तीन परवानग्या नोंदलेल्या असतात. ६४० या अंकांचा अर्थ असा की, मालकाने वाचावे व लिहावे, गटाने केवळ वाचावे आणि इतरांना मज्जाव असावा. डिरेक्टरीच्या बाबतीत वाचण्याची परवानगी म्हणजे आतील नावांची यादी पाहणे आणि चालविण्याची परवानगी म्हणजे आत प्रवेश करणे होय. म्हणून फाइल वाचनीय असूनही तिच्या मार्गातील एखादी वरची डिरेक्टरी बंद असल्यास ती मिळत नाही. निदान करताना मूळ डिरेक्टरीपासून एकेक पायरी तपासावी लागते ती यामुळेच. अनेक जण फक्त शेवटची फाइल पाहतात आणि गोंधळात पडतात.

खरा धोका अडथळ्याहून त्याच्या मौनात आहे. रात्री आपोआप चालणाऱ्या कामात ‘परवानगी नाकारली’ हा संदेश कोणी पाहत नाही; टारसारखा कार्यक्रम वाचता न आलेली फाइल सोडून पुढे जातो. तथापि तो शेवटी २ हा निर्गम-अंक देतो, तर आरसिंक अशा अपुऱ्या प्रतीसाठी २३ हा अंक देतो. शून्याखेरीज अन्य अंक आल्यास तो नोंदवून संबंधितास कळविण्याची व्यवस्था हवी. वाचता न येणाऱ्या फायलींची यादी फाइंड या आज्ञेने आधीच काढता येते.

सर्वांना सर्व परवानग्या देणारा ७७७ हा सोपा उपाय करू नये. त्यामुळे यंत्रावरील कोणालाही संशोधनाची माहिती बदलता किंवा पुसता येते. सामाईक डिरेक्टरी प्रकल्पाच्या गटाकडे द्यावी, तीत निर्माण होणाऱ्या फायलींस तोच गट मिळेल असे चिन्ह तिच्यावर ठेवावे आणि गटाला वाचता येईल असा यूमास्क (उदा., ०२७) सर्वांनी वापरावा. एकाच खात्यास वाचनाधिकार द्यावयाचा असल्यास प्रवेश-नियंत्रण यादी अधिक योग्य ठरते. मात्र एखाद्या कार्यक्रमाने फाइलीच्या परवानग्या ६०० केल्यास या यादीचा मुखवटाही आकसतो व दिलेला अधिकार निष्प्रभ होतो. व्यवस्थापकाकडे रूटचा अधिकार मागूनही प्रश्न सुटेलच असे नाही. जाळ्यावरील साठ्याचा सेवक पुष्कळदा दुसऱ्या यंत्रावरील रूटलाही सामान्य अनोळखी वापरकर्ता मानतो.

प्रत परत भरताना आणखी एक मर्यादा जाणवते. सामान्य वापरकर्ता फाइलीची मालकी दुसऱ्यास देऊ शकत नसल्याने सर्व फायली त्याच्याच नावे उतरतात. टार आपल्या संग्रहात मूळ मालकाची नोंद ठेवतो. त्यामुळे व्यवस्थापकाने रूट म्हणून तो उलगडल्यास मालकी पूर्ववत होते. आरसिंकने घेतलेल्या साध्या प्रतीत ही नोंद राहत नाही. ती फाइलीच्या विस्तारित गुणधर्मांत साठविण्याचा पर्याय प्रत घेतानाच निवडावा लागतो.